राळ, चॉक आणि झिजणारा कातळ

जुन्या विहिरीच्या काठावरचा दगड निरखून पाहिला, की त्यावर दोराने पाडलेल्या खाचा दिसतात. एकीकडे काथ्याचा दोर, दुसरीकडे काळाकभिन्न कातळ. या झटापटीत हरणार कोण, असे विचारले तर कुणीही दोराचे नाव घेईल. पण पिढ्यानपिढ्या रोज पाणी शेंदले गेले की हरतो तो दगडच. देवळाच्या उंबऱ्याचे आणि गडाच्या पायऱ्यांचेही तेच. दगड झिजवायला छिन्नीच लागते असे नाही. पुरेशी माणसे आणि पुरेसा काळ मिळाला, तर तळवे आणि बोटेही ते काम करतात. आणि माणसेच अनेक पटींनी वाढली तर काळही फारसा लागत नाही. प्रस्तरारोहणाच्या जगात सध्या जो वाद धुमसतो आहे, त्याचे मूळ इथे आहे.

वाद वरवर पाहता अगदी किरकोळ वाटेल असा आहे. बोटे घसरू नयेत म्हणून हाताला काय लावावे, चॉक की राळ? पण या प्रश्नामागे घर्षणाचे भौतिकशास्त्र आहे, त्वचेचे आणि फुप्फुसाचे आरोग्य आहे, शेवाळ-नेच्यांची जीवसृष्टी आहे आणि कोट्यवधी वर्षांत घडलेला, पुन्हा कधीही न उगवणारा दगड आहे. त्यामुळे हा वाद केवळ चढाई करणाऱ्यांचा म्हणून सोडून देता येत नाही.

या वादाचे माहेरघर म्हणजे पॅरिसपासून सुमारे ६० किलोमीटरवरचे फाँतेनब्लोचे जंगल. ओक, बीच आणि पाइनच्या झाडीत हजारो धोंडे विखुरलेले आहेत. कुणी दोन माणसांच्या उंचीचे, कुणी त्याहून मोठे. दोर न लावता, खाली गादी टाकून अशा बुटक्या धोंड्यांवर चढण्याच्या प्रकाराला बोल्डरिंग म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पॅरिसचे गिर्यारोहक आल्प्सच्या सरावासाठी इथे येऊ लागले आणि हळूहळू सराव हाच खेळ झाला. तीसच्या दशकात पिएर आलाँ यांनी खास चढाईसाठी रबरी तळव्याचे बूट घडवले तेही याच धोंड्यांवरच्या अनुभवातून. पुढे दगडांवर रंगीत बाण काढून सोपे-अवघड मार्ग आखले गेले. आज जगभरातून माणसे इथे येतात आणि या जंगलाला वर्षाला होणाऱ्या एकूण भेटींची संख्या एक कोटीच्या वर जाते.

हे जंगल जपण्याची कल्पनाही नवी नाही. झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून चित्रकारांनी इथे आवाज उठवला आणि १८६१ मध्ये जंगलाचा एक भाग कलेसाठी म्हणून राखून ठेवण्यात आला. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्याही अकरा वर्षे आधी. १९९८ पासून हा परिसर युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत मोडतो. म्हणजे ज्या जागेची काळजी घेण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे, तिथेच आज दगडाच्या झिजेची चिंता सर्वाधिक आहे.

हा दगड वालुकाश्म आहे. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या काठी साचलेली वाळू, आणि तीही जवळजवळ निव्वळ स्फटिकाची, म्हणजे क्वार्ट्झची. इथली वाळू इतकी शुद्ध आहे की ती काच बनवण्यासाठी वापरली जाते. या वाळूचे कण सिलिकाच्या गिलाव्याने एकमेकांना धरून ठेवले आणि दगड तयार झाला. पण सगळीकडे हा गिलावा सारखा नाही. अनेक धोंड्यांच्या पृष्ठभागावर एक पातळ, कडक कवच असते आणि त्याच्या आत तुलनेने भुसभुशीत दगड असतो. भाकरीचा पापुद्रा शाबूत असेपर्यंत ती टिकते, पापुद्रा फुटला की आतले पीठ हाताला लागते. तसेच इथे होते. कवच आहे तोवर धोंडा हजारो वर्षांचा पाऊस सोसतो. कवच भेदले गेले की आतली वाळू बोटाने उकरली तरी सुटू लागते.

आता हाताकडे वळू. माणसाच्या तळव्यावर घामाच्या ग्रंथी दाटीवाटीने असतात आणि त्या केवळ उकाड्याने पाझरत नाहीत. भीती, ताण, एकाग्रता यांनीही तळहात ओला होतो. परीक्षेच्या दिवशी लेखणी घसरते ती यामुळेच. चढाई करणाऱ्याच्या बाबतीत भीती आणि ताण हे तर खेळाचेच भाग. त्वचा अगदी कोरडी असेल तर ती कडक होऊन नीट चिकटत नाही. किंचित ओलसर त्वचा मऊ पडते आणि दगडाच्या बारीक खाचाखोचांत बसते. पण घामाचा थर साचला की तोच वंगणाचे काम करतो. म्हणजे पकडीसाठी हवी असते ती नेमकी मधली अवस्था, आणि ती साधण्यासाठीच सगळी धडपड.

ही धडपड मराठी वाचकाला अनोळखी नाही. मल्लखांबावर एरंडेल तेल चोळतात आणि खेळाडू हाताला राळेची पूड लावतो. व्हायोलिन किंवा सारंगीच्या गजाला राळ घासल्याशिवाय तारेतून सूर निघत नाही. ही राळ म्हणजे चिडाच्या झाडाच्या डिंकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर उरलेला घन भाग. फाँतेनब्लोत हीच राळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून वापरली जाते. पुरचुंडी दगडावर किंवा हातावर आपटली की जो आवाज होतो, त्यावरून तिचे नाव पडले पॉफ. चॉक आले नंतर, अमेरिकेतून. जॉन गिल हे गणिताचे प्राध्यापक आणि तरुणपणी जिम्नॅस्टिक्सचे खेळाडू. पन्नासच्या दशकात त्यांनी जिम्नॅस्ट वापरतात ती पांढरी पूड धोंड्यांवर चढताना वापरायला सुरुवात केली आणि ती जगभर पसरली. नाव चॉक असले तरी हा फळ्यावरचा खडू नव्हे. हे मॅग्नेशियम कार्बोनेट. ते घाम शोषून घेते.

दोन्हींचे काम एकच, पण मार्ग उलटे. चॉक ओलावा काढून घेते, राळ चिकटपणा देते. वादाचे बीज या फरकात आहे.

आधी एक साधा प्रश्न. चॉकचा खरोखर उपयोग होतो का? २००१ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने चढाईच्या जगात खळबळ उडवली होती. वालुकाश्म, ग्रॅनाइट आणि पाटीचा दगड अशा तिन्हींवर प्रयोग करून संशोधकांनी निष्कर्ष काढला, की चॉकमुळे बोट आणि दगड यांच्यातले घर्षण वाढत नाही, उलट कमी होते. कारण चॉक त्वचा कोरडी करते आणि तिचे सुटे कण दोन पृष्ठभागांच्या मध्ये येऊन घसरण वाढवतात. त्यानंतर २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने वेगळी रचना केली. ११ अनुभवी आरोहकांना प्रत्यक्ष खोबणींना लटकायला लावले, फळ्याचा कल हळूहळू वाढवत नेला आणि हात सुटला त्या क्षणीच्या कोनावरून घर्षणगुणांक काढला. चॉक लावल्यावर तो चुनखडीवर १८.७ टक्क्यांनी आणि वालुकाश्मावर २१.६ टक्क्यांनी जास्त भरला.

हे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात असे वाटेल. पण दोन्ही एकत्र वाचले तर व्यवहारात उपयोगी पडेल असा धडा निघतो. घाम टिपण्यापुरते चॉक मदत करते, आणि खोबणीत साचलेला सुटा थर घात करतो. म्हणजे चढण्याच्या दृष्टीनेही कमी चॉक हेच चांगले चॉक. खोबणीत पांढरे पीठ भरून ठेवणारा आरोहक दगडाचे आणि स्वतःचेही नुकसान करतो. २०१२ च्या अभ्यासातली आणखी एक नोंद बोलकी आहे. तापमान आणि आर्द्रता यांचा घर्षणाशी सरळ संबंध त्या प्रयोगांत आढळला नाही. थंडीत पकड चांगली बसते हा आरोहकांचा जुना अनुभव असला, तरी त्यामागचे गणित वाटते तितके सोपे नाही.

राळेचे वागणे निराळे. ती पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाऊस तिला धुऊन नेत नाही. हाताच्या उबेने ती किंचित चिकट होते, दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत बसते आणि तिथेच राहते. वालुकाश्माची पकड असते ती त्याच्या खरखरीतपणात. कणांच्या मधल्या जागा राळेने भरल्या की पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत होतो. त्यावर धूळ बसते, बुटांचा काळा मळ बसतो. अशा खोबणीवर चॉक लावलेला हात घसरतो. मग तिथे चढायचे तर पुन्हा राळच लावावी लागते. राळेने राळेची गरज वाढते. फाँतेनब्लोतल्या जुन्या, वहिवाटीच्या मार्गांवरच्या काही पायऱ्या आज संगमरवरासारख्या चमकतात. तिथे पहिल्यांदा येणाऱ्याला कळत नाही, की सोपा म्हणून नोंदलेला मार्ग इतका अवघड का. मार्ग सोपाच होता, दगड तसा राहिला नाही.

मराठीत ‘आरोपांची राळ उडवणे’ असा वाक्प्रचार आहे. या वादात तो अक्षरशः खरा ठरला आहे. चॉकवाले राळवाल्यांना दगडाचे मारेकरी म्हणतात. राळवाले उत्तर देतात, की आमच्या आजोबांपासून आम्ही हेच वापरत आलो. तुम्ही काल आलात आणि सगळे जंगल पांढरे करून टाकलेत. राळेची बाजू पूर्णपणे टाकाऊ नाही, हे मान्य करायला हवे. एक तर राळ डोळ्यांना दिसत नाही. चॉकचे पांढरे ठिपके दुरून दिसतात आणि चढायला न येणाऱ्या, नुसते फिरायला आलेल्या माणसालाही खुपतात. दुसरे असे, की राळ वापरणाऱ्यांची संख्या एके काळी मोजकी होती. चॉकची पिशवी कमरेला बांधून येणाऱ्यांची गर्दी नंतरची. झिजेचा सगळा दोष राळेवर टाकणे म्हणजे गर्दीचा दोष पुरचुंडीवर टाकणे, असे ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.

कारण दगडाच्या झिजेचे खरे गुन्हेगार अनेकदा या वादाच्या बाहेर उभे असतात. पहिला गुन्हेगार बुटाच्या तळव्याला चिकटलेली वाळू. फाँतेनब्लोची जमीनच वाळूची. क्वार्ट्झचे कण तळव्याला घेऊन धोंड्यावर पाय ठेवला, की तो तळवा पॉलिश पेपर होतो. क्वार्ट्झ क्वार्ट्झला घासतो. पाय घसरला तर एका क्षणात शेकडो कण सुटतात. दुसरा गुन्हेगार ब्रश. खोबणीतले चॉक काढण्यासाठी तारेचा किंवा कडक ब्रश वापरला, की चॉकबरोबर दगडाचे कवचही निघते. इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्टच्या खडबडीत वालुकाश्मावर हा अनुभव आला आहे आणि तिथल्या आरोहक संघटना मऊ ब्रशच वापरा असे सतत बजावतात. तिसरा आणि सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे ओला दगड. वालुकाश्म पाणी शोषतो. कणांना धरून ठेवणारा बंध पाण्याने दुबळा होतो आणि दगडाची ताकद लक्षणीय घटते. वरून कोरडा दिसणारा धोंडा आतून ओला असू शकतो. अशा वेळी ओढलेली खोबण तुटून हातात येते, आणि ती पुन्हा बसवता येत नाही.

मग राळेला निर्दोष सोडायचे का? नाही. गर्दीचा परिणाम कमी करण्याचे मार्ग आहेत, राळेचा परिणाम मात्र उलटवता येत नाही. राळ काढायची तर दगड घासावा किंवा रसायन लावावे लागते आणि दोन्हींत दगडाला इजा होते. पन्नास लोकांनी जपून केलेली चढाई पुसली जाऊ शकते, पण एकाने फासलेली राळ पुढच्या पन्नासांवर लादली जाते. शिवाय परंपरेचा दाखला इथे लागू पडत नाही. जेव्हा आठवड्याला वीस माणसे येत होती तेव्हा जे चालले, ते हजारो येऊ लागल्यावर चालेल असे नाही. नदीकाठच्या गावाने शतकानुशतके नदीत कपडे धुतले म्हणून शहर झाल्यावरही तेच करावे, असे कुणी म्हणत नाही. म्हणूनच आज फाँतेनब्लोत बाहेरून येणाऱ्यांना राळ वापरू नका असे आवर्जून सांगितले जाते आणि चढाईस्थळांच्या रक्षणासाठी काम करणारी कोसिरॉकसारखी संघटना धोंड्यांच्या देखभालीत लक्ष घालते.

पण राळ दोषी ठरली म्हणून चॉक निर्दोष होत नाही. २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यांनी चढाई होणाऱ्या नाइस जातीच्या दगडांवर ठराविक अंतराने नमुने घेतले. ज्या बिंदूंवर डोळ्यांना चॉक अजिबात दिसत नव्हते, त्यांपैकी ६५ टक्के ठिकाणीही चॉकचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणजे पांढरा डाग पुसला म्हणजे चॉक गेले, हा समज चुकीचा. त्याच संशोधकांनी नेच्याच्या चार आणि शेवाळाच्या चार जाती प्रयोगशाळेत वाढवल्या. चॉकचे प्रमाण वाढवल्यावर त्यांच्या उगवण्यावर आणि तगण्यावर प्रतिकूल परिणाम झाला. सर्व जातींवर सारखा नाही, पण झाला. कारण समजण्यासारखे आहे. चॉक अल्कधर्मी असते. आम्लधर्मी दगडावर जगायला सरावलेल्या वनस्पतीच्या पायाखालची रसायनेच ते बदलून टाकते.

या जाणिवेतून जगभर वेगवेगळे नियम आले आहेत. जर्मनीतील सॅक्सनीच्या एल्ब नदीकाठच्या वालुकाश्मावर पारंपरिक नियमांनुसार चॉक वर्ज्य आहे आणि ओल्या दगडावर चढायला मनाई आहे. तिथे धातूच्या पाचरीही चालत नाहीत. कपारीत दोरीच्या गाठी अडकवून संरक्षण घेतात, कारण धातू मऊ दगड कुरतडतो. अमेरिकेतील आर्चेस राष्ट्रीय उद्यानात चॉक वापरायचे तर ते दगडाच्या रंगात मिसळणारे हवे. टेक्सासमधील ह्युको टँक्स या ठिकाणी दगडांवर प्राचीन चित्रे आहेत. तिथे रोज किती माणसांनी आत जायचे यावरच मर्यादा आहे. चढाई यातल्या कुठल्याही ठिकाणी बंद पडलेली नाही. नियमांनी खेळ मेला नाही, तो टिकला.

दगडाच्या आरोग्याबरोबर माणसाच्या आरोग्याचा हिशेबही मांडायला हवा. चॉक मोकळ्या हवेत वाऱ्याबरोबर जाते, पण बहुतेक लोक चढाई शिकतात ती बंदिस्त भिंतींवर. जर्मन संशोधकांनी २००८ मध्ये नऊ चढाई सभागृहांतील हवा मोजली. दहा मायक्रॉनहून लहान धूलिकणांचे प्रमाण सर्वसाधारणपणे दर घनमीटरला २०० ते ५०० मायक्रोग्रॅम होते आणि गर्दीच्या तासांत ते १००० ते ४००० पर्यंत गेले. तुलनेसाठी सांगायचे तर भारतात बाहेरच्या हवेसाठी या कणांची २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. चॉक हे सिलिकासारखे फुप्फुसाला घातक द्रव्य नव्हे, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण दमा असलेल्यांनी, लहान मुलांनी आणि तिथे दिवसभर काम करणाऱ्या प्रशिक्षकांनी ही धूळ क्षुल्लक मानू नये. उपायही ठाऊक आहे. अल्कोहोलमध्ये कालवलेले द्रव चॉक वापरले तर धूळ खूपच कमी उडते.

मात्र इथे एक गोम आहे. काही द्रव चॉकमध्ये चिकटपणासाठी राळ मिसळलेली असते. म्हणजे राळेला पुढच्या दाराने हाकलले आणि ती बाटलीतून मागच्या दाराने आली, असे होऊ शकते. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय ती दगडावर नेऊ नये. राळ त्वचेच्या दृष्टीनेही साधी नाही. त्वचारोगतज्ज्ञांना ती संपर्कजन्य ॲलर्जीचे जुने कारण म्हणून परिचित आहे. चिकटपट्ट्यांमुळे होणाऱ्या खाजेच्या मुळाशी अनेकदा राळ असते. डाख देताना तापलेल्या राळेचा धूर कामगारांमध्ये दमा निर्माण करतो, हेही वैद्यकाला ठाऊक आहे. पुरचुंडीतली राळ तापत नाही, त्यामुळे तो धोका तसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण ज्याच्या बोटांना राळेने चट्टे उठतात, त्याने हट्ट सोडलेला बरा. चॉकनेही त्वचा कोरडी पडते, बोटांच्या पेऱ्यांना भेगा पडतात. चढून झाल्यावर हात धुणे आणि स्निग्ध मलम लावणे, हा साधा नेम पाळणारे कमीच.

हे सगळे फ्रान्स-जर्मनीचे, आपल्याला त्याचे काय, असा प्रश्न कुणी विचारील. उत्तर जवळच आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये चढाईचा समावेश झाल्यापासून या खेळाकडे वळणाऱ्यांची संख्या सर्वत्र वाढली आणि भारतही त्याला अपवाद नाही. बोल्डरिंगच्या विश्वचषकाचा एक टप्पा २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत झाला. मुंबईच्या आरोहकांनी कान्हेरीच्या आणि मुंब्र्याच्या कातळांवर बोटे घट्ट केली. सह्याद्रीचा बेसॉल्ट वालुकाश्मापेक्षा वेगळा आहे आणि राळेचे प्रस्थ आपल्याकडे नाही, ही जमेची बाजू. पण सुट्टी लागली की मुंबई-पुण्याचे तरुण गाड्या धरतात त्या हंपी आणि बदामीच्या. हंपीचा ग्रॅनाइट कणखर असला तरी त्याचे कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटतात आणि धारदार पातळ खोबणी तुटतात. बदामी तर वालुकाश्मच.

बदामीचा उल्लेख आला की थोडे थांबावे लागते. ज्या तांबड्या वालुकाश्मात आरोहक खोबण शोधतो, त्याच वालुकाश्मात चालुक्यांच्या कारागिरांनी लेणी कोरली. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इसवी सन ५७८ चा आहे. चौदा शतके ती अक्षरे टिकली. अर्थात लेण्यांवर कुणी चढत नाही आणि चढू नयेच. पण ज्या दगडाने मूर्ती सांभाळल्या, त्याच दगडाच्या शेजारच्या भिंतीवर मऊ-कडक असा भेद न करता तारेचा ब्रश चालवणे, पावसाच्या दुसऱ्या दिवशी ओल्या खोबणीला लोंबकळणे किंवा वाटेच्या खुणा म्हणून चॉकच्या रेघा ओढून निघून जाणे, हे त्या वारशाला शोभणारे नाही. आणि एखाद्या दिवशी हे डाग संरक्षित वास्तूच्या परिसरात कुणाच्या नजरेला आले, तर सरसकट बंदीचा बडगा उगारला जाईल. मग जपून चढणारेही त्यात भरडले जातील.

त्यापेक्षा आधीच काही गोष्टी ठरवून टाकणे शहाणपणाचे. नैसर्गिक दगडावर राळ नको, कुठल्याही रूपात नको. ज्या देशात ही सवय रुजलेलीच नाही, तिथे ती न रुजवणे सर्वांत सोपे. चॉक हाताला लावायचे, दगडाला नाही. उठताना मऊ केसांच्या ब्रशने खोबण हलकेच झाडायची आणि खुणेच्या रेघा पुसायच्या. धोंड्याला पाय लावण्यापूर्वी बुटाचा तळवा पुसून घ्यायचा. त्यासाठी लागते ती एक जुनी चादर, दुसरे काही नाही. पाऊस झाला की वालुकाश्म आतून कोरडा होईपर्यंत, एक-दोन दिवस तरी, त्यावर जायचे नाही. जिथे शेवाळ आणि नेचे दाट आहेत, ते धोंडे त्यांनाच ठेवायचे. नवा मार्ग ‘उघडण्याच्या’ हौसेने शेवाळ खरवडून काढणे हे शौर्य नव्हे.

यातली प्रत्येक गोष्ट फुकट आहे. कमी आहे ती सांगणाऱ्याची. शहरांतल्या कृत्रिम भिंतींवर शिकणाऱ्या नव्या पिढीला प्लॅस्टिकच्या खोबणीची सवय असते. ती मळली की उतरवून धुता येते, झिजली की स्क्रू फिरवून बदलता येते. ती पिढी जेव्हा पहिल्यांदा खऱ्या दगडापाशी जाते, तेव्हा दगड बदलता येत नाही हे तिला कुणी तरी सांगायला हवे. हे काम भिंत चालवणाऱ्यांचे, प्रशिक्षकांचे आणि गिर्यारोहण संस्थांचे आहे. सह्याद्रीत किल्ल्यांवर कचरा करू नये, नावे कोरू नयेत, हे संस्कार दुर्गप्रेमी संस्थांनी चिकाटीने रुजवले. त्याच यादीत या ओळी घालायला फार कष्ट पडणार नाहीत. बदामी-हंपीसारख्या ठिकाणी पुरातत्त्व खाते, वन खाते, स्थानिक लोक आणि आरोहक यांनी एकत्र बसून कुठे चढायचे, कुठे नाही आणि कधी नाही, एवढे लिहून काढले तरी बंदीची वेळ टळेल.

चॉक की राळ या वादात एक बाजू घ्यायचीच तर ती चॉकची, पण हात राखून. खरी बाजू मात्र दगडाची आहे आणि त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. बोटे घसरणे हा या खेळाचा भाग आहे, तो काही अपघात नव्हे. पकड बसत नसेल तर पुन्हा सराव करावा, थंड दिवसाची वाट पाहावी किंवा हात झटकून शेजारच्या सोप्या धोंड्याकडे वळावे. पर्याय बरेच आहेत. दगडाला मात्र पर्याय नाही. विहिरीच्या काठावर दोराने खाच पाडली ती पाण्यासाठी, तहानेपोटी. चढाई हा हौसेचा मामला आहे. हौसेची खूण दगडावर ठेवून जाण्याचा हक्क कुणालाही नाही.